दुसऱ्या होडीला हुकूम

१

देवमाशाच्या शिकारीला निघालेला वल्हेकरी शिकारीकडं पाठ करून बसतो. ज्याला हे जमत नाही त्यानं बेटावर राहून मेंढ्या राखाव्यात. होडीत आम्ही सहा. पाच जण वल्ह्यांवर, तोंडं होडीच्या मागच्या टोकाकडं. सहावा, होडीचा मुख्य, त्या टोकाला उभा, हातात सुकाणूचं लांब वल्हं. मासा फक्त त्याला दिसतो. आम्हाला दिसतो त्याचा चेहरा. त्या चेहऱ्यावरून जेवढं कळेल तेवढ्यावर भागवायचं. मान वळवायची नाही. मान वळली की वल्हं चुकतं, वल्हं चुकलं की होडी डचमळते, आणि पाठीमागं घराएवढं जनावर असतं.

माझी जागा सगळ्यांत पुढं. मी हारपूनवाला. ‘ऊठ’ म्हटलं की वल्हं टाकायचं, उभं राहून वळायचं आणि हारपून, म्हणजे दोर बांधलेला काटेरी टोकाचा भाला, मारायचा. तो लागला की मी मागं जाऊन सुकाणू धरायचं आणि होडीच्या मुख्यानं पुढं येऊन भाल्यानं मासा मारायचा. धावत्या होडीत, पाच माणसांच्या मांड्यांवरून जागा बदलायची. वेडेपणा आहे. पण मारण्याचा मान मोठ्याचा, हे आमच्या बापजाद्यांपासून चालत आलेलं. मी ते बदलायला गेलो नाही.

मी जेथ्रो, नॅन्टकेट बेटावरचा. ‘पेशन्स’ जहाजावर मी कप्तान झीनास पिंकमच्या होडीत होतो. झीनास क्वेकर पंथाचा होता, माझ्यासारखाच. क्वेकर माणूस सगळ्यांना ‘तू’ म्हणतो आणि सगळ्यांकडून ‘तू’ ऐकून घेतो. आमच्या होडीतला मनोएल असोरस बेटांवरचा, कॅथलिक. तो हटकून ‘तुम्ही’ म्हणायचा.

“मी एकटाच आहे,” कप्तान त्याला म्हणायचा. “तुम्ही कोण?”

“सवय हो, कप्तानसाहेब. आमच्याकडं गाढवालासुद्धा तुम्ही म्हणतात. लाथ कमी बसते.”

कप्तान हसायचा नाही. त्या सफरीत तो हसला असं मला फक्त एकदा आठवतं, आणि ते मी शेवटी सांगणार आहे.

डोलकाठीवरून पहारेकरी ओरडला, “फवारा! फवारा दिसतोय!” की जगातला कुठलाही कप्तान दोन गोष्टी विचारतो. कुठल्या बाजूला, आणि किती लांब. झीनास पिंकम तिसरीच विचारायचा. मान वर करून, शांतपणे.

“त्याच्या मागं काय आहे?”

वरचा माणूस गोंधळायचा. “मागं? मागं समुद्र आहे, कप्तान.”

मग तो बाकीच्या होड्या सोडायचा आणि आपण डेकवर उभा राहायचा. चांगले, भरलेले मासे आमच्या होडीसमोरून गेले. मी हारपूनला धार लावून लावून त्याचं पातं बारीक केलं. मला राग यायचा. मी हारपून टाकायला आलो होतो, कप्तानाची पाठ बघायला नाही.

२

जपानच्या बाजूच्या समुद्रात उन्हाळ्यात धुकं पडतं. तशाच एका सकाळी वारा मेला होता, शिडं लोंबत होती आणि आम्ही डेक घासत होतो. आयझॅकनं घासणं थांबवलं. तो आमच्याच होडीत, मधल्या वल्ह्यावर. काळा माणूस, अंगानं दांडगा, बोलायला कमी.

“दोर जळतोय,” तो म्हणाला.

मलाही वास आला. मासा लागला की दोर होडीच्या मागच्या खुंट्याला वेढे घेऊन सुटतो, इतक्या जोरात की खुंटा धुरकटतो. एकानं सतत बादलीनं पाणी मारावं लागतं. तो वास ज्यानं एकदा घेतला त्याला तो विसरता येत नाही. पण आमच्या सगळ्या होड्या जहाजावर टांगलेल्या होत्या. कोरड्या होत्या.

आम्ही शोधलं. स्वयंपाक्याची चूल पाहिली. डांबराचं भांडं पाहिलं.

“माझ्या चुलीला बोल लावू नका,” स्वयंपाकी म्हणाला. “मी जाळतो ते मांस. दोर अजून कुणाच्या ताटात वाढलेला नाही.”

“परवाचं मांस काय होतं मग?” मनोएल म्हणाला.

सगळे हसले. तेवढ्यात कप्तान वर आला. तो कठड्याशी गेला, डोळे मिटून त्यानं छाती भरून वास घेतला. दूर गेलेल्या माणसाला आपल्या घरच्या पावाचा वास यावा तसा त्याचा चेहरा झाला. मी स्वतःला समजावलं की दुसरं एखादं जहाज असेल धुक्यात, त्याची होडी माशाला लागली असेल. वारा नसताना वास कसा आला, हे मी स्वतःला विचारलं नाही.

ओबेद हसी आमचा पहिला अधिकारी. मागच्या सफरीतला कप्तान सोडून जहाजावर उरलेला तो एकटाच. बाकी कुणी झीनासबरोबर पुन्हा निघालं नाही. मी त्याला गाठलं.

“ओबेद, या जहाजावर पहिली होडी आहे, तिसरी आहे, चौथी आहे. दुसरी कुठं आहे?”

“तुला माहीत आहे.”

“बेटावर सांगतात तेवढं माहीत आहे. बुडाली म्हणतात.”

“बुडताना कुणी पाहिली नाही,” ओबेद म्हणाला. “मागच्या सफरीत, याच पाण्यात. कप्तानाचा मुलगा सायलस तिचा मुख्य होता. मासा लागला आणि होडीला ओढत निघाला. तुला पद्धत माहीत आहे. माशाला बांधलेल्या होडीमागं जहाज जात नाही. तिचा मासा, तिचं काम. आजूबाजूला आणखी मासे होते, आम्ही त्यांच्या मागं लागलो. संध्याकाळी वळून पाहिलं तर धुकं.”

“मासा खोल गेला असेल. सायलसनं दोर तोडायला हवा होता.”

ओबेदनं माझ्याकडं पाहिलं. “तुझ्या कप्तानाचा नियम काय आहे?”

नियम मला पाठ होता. जहाजावर चढल्या दिवशी झीनासनं सगळ्यांना उभं करून सांगितला होता. माझ्या हुकमाशिवाय दोर तुटणार नाही. भ्यालेल्या माणसानं दोर तोडला की मासा जातो, आणि माझ्या जहाजावर भ्यालेला माणूस नको.

“मुलाला त्यानं तो सगळ्यांसमोर ऐकवला होता,” ओबेद म्हणाला. “म्हणाला, तू माझा मुलगा आहेस, तुला दुप्पट लागू. सायलस म्हणाला, समजलं, कप्तान. तो तसाच होता. बापासारखाच.”

“मग हा शोधतोय काय? सूड?”

“सूड कसला? मासा काय करणार बिचारा. मुलापर्यंत हुकूम पोचवायचाय झीनासला.” ओबेदनं कठड्यावर थाप मारली. “मी त्याला म्हटलं, झीनास, ते गेले. तो म्हणतो, मी सांगितल्याशिवाय कसे जातील?”

३

दुपारी धुकं दाट झालं आणि जहाजापासून जवळच माशानं श्वास सोडला. दिसला नाही. ऐकू आला. जाड, ओला, दमलेला फुत्कार. मग तसाच आणखी एक. मासा एका जागी पडून होता.

कप्तानानं वर तोंड केलं. या वेळी त्यानं काही विचारलं नाही.

“माझी होडी,” तो म्हणाला. “एकच. ओबेद, तू जहाजावर थांब. घंटा वाजवत राहा.”

“धुक्यात एकच होडी नको, झीनास.”

“एकच,” कप्तान म्हणाला.

आम्ही उतरलो. वल्ह्यांच्या खोबणींना चटया लावल्या होत्या, आवाज नव्हता. जहाज दोन-चार हातांवर पुसलं गेलं. घंटा तेवढी राहिली. मी वल्हं मारत होतो, समोर मनोएलची पाठ, त्यापुढं आयझॅकची, सफरीवर पहिल्यांदाच आलेल्या नव्या दोघांची, आणि सगळ्यांच्या पलीकडं कप्तानाचा चेहरा. त्याला काहीच दिसत नसावं. धुकं होतं. तरी तो आवाजाच्या दिशेनं होडी वळवत होता.

मग माझ्या पाठीमागं कुणीतरी पाणी ओतलं.

त्याला दुसरा शब्द नाही. बादली भरली गेली आणि लाकडावर रिकामी केली गेली. जरा थांबून पुन्हा. तोच वास आता घशात जाईल इतका जवळ. मी मनात म्हटलं, लाट असेल. ओंडका असेल, त्यावर लाट आपटत असेल. पण समुद्र तेलासारखा गुळगुळीत होता, आणि ओंडका थांबून थांबून, माणसासारखा वाकून पाणी ओतत नाही.

“कोणीतरी आपल्याआधी पोचलंय,” मनोएल पुटपुटला. “बांधलेला मासा आहे. आपला हक्क नाही.”

“तोंड बंद,” मी म्हणालो.

“जेथ्रोभाऊ, तुम्ही हारपून मारलात तर भांडण होईल. मला भांडणात पुढं उभं करू नका, माझं नाक आधीच एकदा मोडलंय.”

“वल्हं मार.”

मी कप्तानाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. चेहरा माझ्या पलीकडं, माझ्या पाठीमागं बघत होता. माणूस मासा बघतो तेव्हा त्याचे डोळे बारीक होतात. झीनासचे डोळे मोठे झाले होते. ओठ हलत होते. तो मोजत होता. सहापर्यंत मोजून तो थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

मला वळायचं होतं. इतकी वर्षं मी या जागी बसलो, एकदाही वळलो नव्हतो, आणि त्या वेळी माझी मान आपोआप वळायला बघत होती. मी ती दात आवळून सरळ ठेवली. मला त्याचा आजही अभिमान आहे.

“ऊठ, जेथ्रो,” कप्तान म्हणाला.

४

मी उठलो, वळलो.

होडी नव्हती. आधी हे सांगतो. समोर मासा होता, म्हातारा नर, कपाळावर जुन्या भांडणांच्या रेघा. तो पाण्यावर पडून श्वास घेत होता. त्याच्या कुबडाजवळ एक हारपून रुतलेला, दांडा कधीच झडलेला. आणि त्या हारपूनला दोर होता.

जुने हारपून मी पुष्कळ माशांत पाहिलेत. तुटका दोरही पाहिलाय, शेवाळ धरलेला, पाण्यात लोंबणारा. हा लोंबत नव्हता. तो पाण्यापासून हातभर वर, ताठ, सरळ उजवीकडच्या धुक्यात गेला होता. ताठ दोरातून पाणी पिळून निघतं, तसं निघत होतं. थेंब थेंब, सगळ्या लांबीभर. दुसऱ्या टोकाला वजन होतं.

“हा बांधलेला आहे, कप्तान,” मी म्हणालो. “दुसऱ्याचा आहे.”

“आपल्याच जहाजाचा आहे. मार.”

मी मारला. माझ्या जन्मात इतका चांगला हारपून मी कधी टाकला नव्हता. तो दांड्यापर्यंत गेला. लागोपाठ दुसरा. मासा थरथरला, शेपूट वर गेली, आणि टबात गुंडाळून ठेवलेला दोर सळसळत सुटला.

कप्तान माझ्याकडं आला, मी त्याच्याकडं गेलो. होडीच्या मधोमध आम्ही एकमेकांना ओलांडलं तेव्हा त्यानं माझ्या दंडाला धरलं. साठीचा माणूस, त्याची बोटं लोखंडासारखी होती.

“सरळ ठेव,” तो म्हणाला. “दोर दोरात अडकू देऊ नकोस. काहीही दिसलं तरी.”

मी मागं पोचलो, सुकाणू धरलं. खुंटा धूर सोडू लागला होता. आयझॅक बादलीनं पाणी मारू लागला. बाकीचे पद्धतीप्रमाणं उलटे फिरून पुढं तोंड करून बसले, कारण मासा ओढत असताना वल्ह्यांचं काम नसतं. होडी पाण्यावर आपटत धावत होती.

आता पुढं बघायची पाळी माझी होती.

५

पहिल्यांदा फक्त दोर दिसायचा. आमचा डावीकडं, तो जुना उजवीकडं, दोन्ही एकाच माशाकडं गेलेले. मग धुकं फाटायचं आणि मिटायचं. फाटलं की वल्हंभर अंतरावर, आमच्या बरोबरीनं धावणारं एक होडीचं नाक दिसायचं. रंग आमच्याच होडीचा.

मी पूर्ण पाहिली नाही. कुणी म्हणत असेल मी पाहिली, तर तो खोटं बोलतो. तुकडे पाहिले. मागचा खुंटा पाहिला. आमचा खुंटा माझ्या मांडीएवढा जाड होता. त्यांचा घासून घासून माझ्या मनगटाएवढा झाला होता आणि तरी दोर त्याच्यावर फिरत होता. एक हात पाहिला, बादली भरून दोरावर ओतणारा. बादलीला बूड नव्हतं. पाणी पडण्याचा आवाज मात्र येत होता. आणि पाठी पाहिल्या. माणसं पुढं तोंड करून बसली होती, माना ताठ, कुणी आजूबाजूला बघत नव्हतं. आपल्या कामावर बसलेली चांगली माणसं बसतात तशी.

“सायलस!” कप्तान पुढून ओरडला. “सायलस! बाळा!”

एक मानही हलली नाही.

“सायलस! इकडं बघ! मी आलोय रे!”

त्या आवाजात मी झीनास पिंकमला कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या हातात दोर तोडायची कुऱ्हाड होती आणि तो ती विसरला होता. तो हाक मारत राहिला. होडी धावत राहिली. जहाजाची घंटा केव्हाच ऐकू यायची बंद झाली होती. मी मागं वळून पाहिलं, नुसतं पांढरं. सूर्य कुठं आहे कळत नव्हतं. आम्ही किती वेळ धावत होतो, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आज तर नाहीच.

मग माझ्या लक्षात आलं की पाण्याचा आवाज एकच येतोय.

आयझॅक ओतत होता. पलीकडचा हातही ओतत होता. दोन्ही बादल्या एकाच वेळी वाकत होत्या, एकाच वेळी रित्या होत होत्या.

“आयझॅक,” मी म्हणालो. “दमानं घे. बदल तो ताल.”

त्यानं ऐकलं नाही.

“आयझॅक!”

तो ओतत राहिला. मी पुढच्यांकडं पाहिलं. माझी माणसं. पाठी सरळ, माना ताठ.

“मनोएल! अरे, काहीतरी बोल. तुझं नाक!”

मनोएल, जो झोपेतही गप्प बसत नसे, तो वळला नाही.

भीती मला माहीत आहे. माशाच्या जबड्याजवळ मी ती पाहिली आहे. ती पोटात येते आणि काम सुरू झालं की जाते. ही तशी नव्हती. ही माझ्या हातांना आली. सुकाणूवरचे हात माझे मला सैल करता येईनात. मला स्वच्छ दिसलं की आम्हाला कुणी तोडायला सांगितलेलं नाही. सांगितल्याशिवाय आम्ही तोडणार नाही. मासा ओढत राहील, आम्ही बसून राहू, आणि बेटावर कुणी कुणाला सांगेल, बुडताना पाहिली नाही.

माझ्या होडीत पाच जिवंत माणसं होती. त्यांना मला जिवंत परत न्यायचं होतं.

“कप्तान!” मी ओरडलो. छाती फुटेल असा ओरडलो. “बापाचं काम पुरे! हुकूम दे! झीनास पिंकम, तू कप्तान आहेस, हुकूम दे!”

मी तो आमच्यासाठी मागत होतो. आमचा दोर तोड, एवढंच माझ्या मनात होतं.

त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. मार खाल्लेल्या माणसासारखं पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. पाठ सरळ झाली. त्यानं डोळे पुसले, एका पायावर भार टाकून होडीच्या नाकात उभा राहिला, आणि तोंडाशी मोकळ्या हाताचा पोंगा धरला. जो आवाज निघाला तो डेकवरचा होता. वादळातला. शिडं उतरवणारा.

“दुसरी होडी!”

पलीकडच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

“दोर तोड!”

तेवढ्यात धुकं मिटलं. आम्हाला काही दिसत नव्हतं. पण आमच्या जहाजावर हुकूम मिळाला की तो तोंडानं परत म्हणायचा असतो, म्हणजे देणाऱ्याला कळतं की पोचला. धुक्यातून तरुण, स्पष्ट, जराही न दमलेला आवाज आला.

“दोर तोडतो, कप्तान!”

कुऱ्हाडीचा एक घाव ऐकू आला.

जुना दोर सैल पडला, सापासारखा पाण्यावर लोळला आणि माशामागं ओढला गेला. आयझॅकच्या हातातली बादली खाली पडली. मनोएल गर्रकन वळला.

“काय? कुणी हाक मारली का मला?”

६

मी समजत होतो की आता कप्तान आमचा दोर तोडेल आणि तिथंच बसून रडेल. मी त्याला ओळखलं नव्हतं.

त्यानं कुऱ्हाड खोबणीत ठेवली आणि भाला उचलला. वळला तेव्हा तो तरुण दिसत होता.

“आता हा फक्त आपला,” तो म्हणाला. “बसलात काय? ओढा!”

आम्ही ओढला. देवा, काय ओढला आम्ही तो दोर! तळहातांची सालटं निघाली. नवे दोघे, ज्यांनी आजवर मासा जवळून पाहिला नव्हता, ते बैलांसारखे ओढत होते. मनोएल त्याच्या भाषेत गाऊ लागला, आणि आयझॅक, जो कधी बोलत नसे, मोठ्यानं हसत सुटला.

“जवळ घाल, जेथ्रो! आणखी! लाकूड कातड्याला लाव!”

“लावतो, कप्तान!”

मी होडी माशाच्या कुशीला भिडवली. झीनासनं भाला घातला, फिरवला, काढला, पुन्हा घातला. मासा शेपटीनं समुद्र फोडत होता, आम्ही सगळे पाण्यानं निथळत होतो, आणि भीती नावाची गोष्ट त्या होडीत उरली नव्हती. मग माशानं श्वास सोडला आणि फवारा लाल आला.

“चिमणी पेटली!” मी ओरडलो. आमच्याकडं ही हाक देतात. सगळ्यांनी ती उचलली. “चिमणी पेटली! पेटली!”

मासा मोठा फेरा मारत गेला, फेरा लहान लहान होत गेला, आणि शेवटी तो एका कुशीवर वळून पडला. मी टाकलेला हारपून अजून दांड्यापर्यंत रुतलेला होता. जरासुद्धा हलला नव्हता.

मनोएल बाकावरून उठला आणि त्यानं कप्तानाला मिठी मारली. क्वेकर कप्तानाला, रक्तानं माखलेल्याला.

“काय मारलात हो, कप्तानसाहेब! तुम्ही सगळे मिळून एकट्यानंच मारलात की!”

तेव्हा झीनास पिंकम हसला. मोठ्यानं, तोंड उघडून. खालचे दोन दात पडलेले आहेत हे मला तेव्हा कळलं.

पाणी शांत झाल्यावर आम्ही मासा ओढत निघालो, तसे मी कान दिले. धुक्यात, आमच्या मागं, पाच वल्ही एका तालात पाण्यात पडत होती. जवळ येत नव्हती, लांब जात नव्हती. मागं मागं होती. कप्तानानंही ऐकली असतील. तो पुढं बसून भाला पुसत होता.

७

घंटा पुन्हा ऐकू आली, आणि जहाज आमच्या दिशेनं येताना दिसलं. वारा सुटला होता. शिडं भरली होती. कठड्यावर सगळे जमले होते, मासा बघून पिंपं, भांडी, जे हाताला लागेल ते बडवत होते. स्वयंपाकी पळी हलवून नाचत होता. एवढा मोठा मासा त्या सफरीत आम्हाला मिळाला नव्हता.

आम्ही जहाजाच्या कुशीला लागलो. मी मागच्या टोकाला उभा, तोंड जहाजाकडं. वल्हेकरी माझ्याकडं तोंड करून, म्हणजे आम्ही ज्या बाजूनं आलो तिकडं बघत. मी त्यांच्याकडं पाहिलं. नव्या दोघांनी डोळे मिटून घेतले होते. मनोएलनं मिटले नव्हते. तो छातीवर क्रूस काढत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहरा लग्नघरात बसलेल्या माणसासारखा होता.

“शाबास!” ओबेद वरून ओरडला. “शाबास, झीनास! पण ती मागची होडी कुणाची? दुसऱ्या कुठल्या जहाजाची का?”

“आपलीच आहे,” कप्तान म्हणाला.

ओबेदनं कठड्यावरून वाकून पाहिलं. बडवणारे हात एकेक करून थांबले.

कप्तान दोरीच्या शिडीनं वर चढला. डेकवर पाय ठेवून तो वळला आणि माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत, मोठ्यानं, पण आता अजिबात घाई नसल्यासारखा म्हणाला, “दुसरी होडी. काम झालं. वल्ही आत घ्या. सुट्टी.”

माझ्या पाठीमागं तोच आवाज आला. “वल्ही आत घेतो, कप्तान!” आणि पाच वल्ही, लाकडावर लाकूड, एकदम आत आली. मी आयुष्य होडीत काढलं, इतका नीट, इतका एकजीव आवाज मी कुठल्या होडीचा ऐकला नाही. त्यानंतर पाण्याचासुद्धा आवाज आला नाही.

मी ओबेदकडं बघत होतो. आमच्या पंथात माणूस माणसापुढं टोपी काढत नाही. न्यायाधीशापुढं नाही, राजा आला तर त्याच्यापुढं नाही. यापायी आमचे आजे तुरुंगात गेलेत, पण टोप्या डोक्यावर ठेवून गेलेत. ओबेद हसीनं दोन्ही हातांनी, हळूच, डोक्यावरची टोपी उतरवली आणि छातीशी धरली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो हसत होता.

कप्तानानं त्याच्याकडं बघितलं. मग बाह्या वर सारल्या.

“टोपी घाल, ओबेद,” तो म्हणाला. “मासा कापायचाय.”